मोठ्या हॉस्पिटलात पहिल्यांदा : केसपेपरपासून डिस्चार्ज कार्डापर्यंत

गावाकडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, "मोठ्या हॉस्पिटलात दाखवा" म्हणाले, आणि पहाटेच्या गाडीने पेशंटला घेऊन तुम्ही दादरला उतरलात. केईएम असो, जे. जे., नायर, सायन किंवा पुण्याचं ससून, नवा माणूस आत शिरल्यावर सारखाच गांगरतो. तपासतो एक डॉक्टर, लिहितो दुसरा, तारीख देतो तिसरा, आणि "आमचे डॉक्टर कोण?" याचं उत्तर कुणी देत नाही. ही रुग्णालयं वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत आणि त्यांचं घड्याळ कॉलेजच्या तालावर चालतं. ते वेळापत्रक कळलं की निम्म्या खेपा वाचतात.

आधी थोडा इतिहास, कारण तो उपयोगी पडतो

जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज, दोन्ही १८४५ची. सर जमशेटजी जीजीभॉय यांची देणगी रुग्णालयाला आणि गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांचं नाव कॉलेजला. पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी लाड होते. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी याच कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

परळच्या केईएमची कथा वेगळी. त्या काळी वैद्यकीय प्राध्यापकी म्हणजे बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची मिरास. सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली, की शिकवणारे सगळे पात्र भारतीय असतील आणि सरकारी नोकरीतले नसतील. कॉलेज १९२५ मध्ये सुरू झालं, रुग्णालय १९२६ मध्ये. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता, जे पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. नायर रुग्णालयाचं कॉलेज १९२१चं, असहकार चळवळीतून निघालेलं. १९४६ मध्ये ते महापालिकेकडे आलं. सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७चं. धारावीला लागून असलेल्या या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली.

यातून नवख्याने लक्षात ठेवायचं ते एवढंच: जे. जे. राज्य सरकारचं, केईएम, नायर, सायन आणि विलेपार्ल्याचं कूपर महापालिकेची. मालक वेगळे म्हणून फी वेगळी, मदतनिधी वेगळे, आणि एकीकडचा केसपेपर दुसरीकडे चालत नाही. "जे. जे.मध्ये सगळं झालंय, आता इथे फक्त ऑपरेशन करा" असं केईएममध्ये म्हणून भागत नाही. रिपोर्ट बघतील, पण नोंदणी नव्याने होईल.

कुठे उतरायचं, कुठल्या गेटने जायचं

परळला सर्वांत जास्त घोळ होतो. केईएम, टाटा मेमोरियल आणि वाडियाची दोन रुग्णालयं (मुलांचं आणि प्रसूतीचं) एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. टॅक्सीवाल्याला नुसतं "परळचं हॉस्पिटल" सांगितलं तर तो कुठेही सोडेल. टाटा अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत, वाडिया ट्रस्टची, केईएम महापालिकेचं. चिठ्ठीवर नेमकं कुणाचं नाव आहे ते गाडीत बसण्याआधी वाचा. जे. जे.साठी भायखळा किंवा सँडहर्स्ट रोड, नायरसाठी मुंबई सेंट्रल, सायनसाठी सायन.

केसपेपर, आणि त्याहून महत्त्वाचा वार

ओपीडीची नोंदणी साधारण सकाळी आठच्या सुमारास उघडते आणि अकरा-साडेअकराच्या आत बंद होते. सातला रांगेत असलेला माणूस दुपारी दोनपर्यंत मोकळा होतो. दहाला आलेल्याच्या तपासण्या दुसऱ्या दिवशीवर जातात. केसपेपरला नाममात्र पैसे पडतात, सुटे ठेवा. मोबाइलवर आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) काढलेला असेल तर बऱ्याच ठिकाणी क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळतं आणि खिडकीवर माहिती सांगत बसावं लागत नाही.

खिडकीवर नाव आधार कार्डावर आहे तसंच सांगा. घरात "बाळूकाका" आणि कागदावर "बाळासाहेब" असलं की तो फरक योजनेच्या मंजुरीला, रक्तपेढीत आणि दाखल्यावर, असा तीनदा नडतो.

आता वाराचं. प्रत्येक मोठा विभाग युनिटांमध्ये वाटलेला असतो. सर्जरीची समजा पाच-सहा युनिटं. प्रत्येकाचा प्रमुख वेगळा, ओपीडीचा वार वेगळा, ऑपरेशनचा वार वेगळा आणि इमर्जन्सीचाही वेगळा. तुम्ही सोमवारी पहिल्यांदा दाखवलंत तर सोमवारच्या युनिटचे झालात. पुढच्या वेळी गुरुवारी गेलात तर तिथले डॉक्टर केसपेपर उलटून बघतील आणि "तुमच्या युनिटच्या दिवशी या" म्हणतील. यात हटवादीपणा नाही. ज्याने ऑपरेशन ठरवलं त्यानेच ते निभावायचं, ही शिस्त आहे. केसपेपरच्या कोपऱ्यात युनिटचा आकडा किंवा प्रमुखांची आद्याक्षरं असतात, ती पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि सोबत वारही लिहा. रात्री कॅज्युअल्टीतून भरती झालात तर त्या दिवशी ज्या युनिटची इमर्जन्सी असेल तेच तुमचं युनिट.

कोणाला काय विचारायचं

पांढरा कोट सगळेच घालतात, अधिकार मात्र पायऱ्यापायऱ्यांचे. विद्यार्थी शिकतात, ते हिस्टरी विचारतात, पोट तपासतात. इंटर्न म्हणजे साडेचार वर्षांचा एमबीबीएस अभ्यासक्रम संपवून वर्षभराच्या कामावर असलेले; रक्त काढणं, रिपोर्ट आणणं, अर्ज भरणं त्यांच्याकडे. खरा भार निवासी डॉक्टरांवर: एमडी-एमएसची तीन वर्षं, पहिल्या वर्षाचा डॉक्टर वॉर्डात जवळजवळ राहायलाच असतो. त्यांच्या वर असिस्टंट प्रोफेसर, मग असोसिएट, मग युनिट हेड.

रिपोर्ट आला का, औषध कधी, हे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना विचारा. त्यांना पेशंटचा खाट क्रमांक तोंडपाठ असतो. ऑपरेशन करायचं की नाही, धोका किती, हे तिसऱ्या वर्षाचे किंवा असिस्टंट प्रोफेसर सांगतील. युनिट हेडना गाठायचं तर राऊंडच्या वेळी खाटेजवळ उभं राहा, आणि प्रश्न दोनच ठेवा. राऊंड म्हणजे शिकवणीचा वर्गही असतो. तुमच्या उशाशी इंग्रजीत दहा मिनिटं चर्चा चालली म्हणजे काहीतरी भयंकर झालंय असं नाही. बऱ्याचदा विद्यार्थ्यांची परीक्षा चाललेली असते. संपल्यावर "आम्हाला मराठीत सांगा" असं सरळ म्हणावं. विद्यार्थ्यांनी तपासू नये असं वाटत असेल तर नको म्हणता येतं, त्याने उपचार थांबत नाहीत. मात्र तीच हकिकत चौथ्यांदा सांगताना कंटाळू नका. कुठल्या गोळीची ॲलर्जी आहे हे चौथ्या वेळी आठवलेलं अनेकांना वाचवून गेलंय.

सिस्टर इनचार्ज आणि वॉर्डातल्या मावशी-मामांशी बोलणं गोड ठेवा. खाट कधी रिकामी होणार हे डॉक्टरांआधी त्यांना कळतं.

तपासण्या : खेपा इथे वाढतात

सोनोग्राफी पोटाची असेल तर सहा तास उपाशी. ओटीपोटाची असेल तर उलट, पाणी पिऊन लघवी रोखून ठेवायची. दोन्ही एकत्र लिहिली असतील तर उपाशी राहून फक्त पाणी प्यायचं, पण आधी विचारा. कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन करायचा, सीटी स्कॅन लिहिला की तारीख घ्यायला जातानाच ताजा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्या, कारण ते औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि रिपोर्टशिवाय परत पाठवतात. एमआरआयच्या आधी शरीरात पेसमेकर, क्लिप, रॉड, काहीही धातू असेल तर ते सांगायलाच हवं.

रक्ताच्या ट्यूब नातेवाइकांच्या हाती देऊन लॅबमध्ये पाठवणं हे मोठ्या वॉर्डांत रोजचं आहे. म्हणून बुचांचे रंग ओळखा. जांभळं बूच हिमोग्लोबिन-पेशींसाठी. निळं रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी, त्यात ०.३ मिली औषध आधीच असतं आणि रक्त बरोबर २.७ मिली लागतं. खुणेपर्यंत न भरलेली निळी ट्यूब लॅब फेकून देते, कारण प्रमाण बिघडलं की आकडा खोटा येतो आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं. करडं बूच साखरेचं. साध्या ट्यूबमध्ये पेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्क्यांनी ती घटते. करड्या ट्यूबमधलं फ्लोराइड ते थांबवतं. लाल किंवा पिवळं बाकीच्या रसायनांसाठी. ट्यूब खिशात घालून जिने धावत चढू नका. जोरात हिंदकळली की लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. मग डॉक्टर दचकतात, पुन्हा रक्त काढतात आणि दिवस जातो.

तुकडा, म्हणजे बायोप्सी, हातात दिली तर एक गोष्ट तिथेच विचारा: "पॅथॉलॉजीत की मायक्रोबायोलॉजीत?" पॅथॉलॉजीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या रसायनात, जातो, तुकड्याच्या दहापट तरी द्राव हवा. मायक्रोबायोलॉजीचा, म्हणजे कल्चरचा (जंतू उगवून बघायचा) तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये. कल्चरचा चुकून फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर जंतू मरतात आणि रिपोर्ट "काही उगवलं नाही" असा येतो, जो दिसायला चांगला आणि प्रत्यक्षात निरर्थक. क्षयाची शंका असेल तर सीबीनॅट या झटपट चाचणीचं उत्तर चाचणी लावल्यावर दोनेक तासांत निघतं. क्षयाच्या कल्चरला सहा ते आठ आठवडे लागतात, कारण तो जंतू मुळातच सावकाश वाढतो. तिथे लॅबशी भांडून उपयोग नाही.

सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने एका फायलीत, नवे वर. फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. एमआरआयची फिल्म उन्हात किंवा घडी घालून ठेवू नका.

भरती, फिटनेस, संमती

ऑपरेशन ठरलं की "फिटनेस" आणा म्हणतात. भूलतज्ज्ञ तपासून शेरा देतात, त्याला ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट लागतात. रिपोर्ट शिळे झाले किंवा मधे खोकला-ताप आला तर फिटनेस पुन्हा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, दमा, दारू, तंबाखू, हलणारा दात: हे सगळं भूलतज्ज्ञांना सांगायचं, लाजायचं नाही. बीपीची गोळी सकाळी घ्यायची की नाही हेही त्यांनाच विचारा.

आदल्या रात्री बारानंतर काही नाही, असं सांगतात. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. "नुसता अर्धा कप चहा घेतला" म्हणून यादीतून नाव कापलं गेल्याची उदाहरणं प्रत्येक युनिटमध्ये सापडतील, आणि पुढचा ऑपरेशनचा वार आठवड्याने येतो. चहात दूध असतं, आणि दूध पोटात घट्ट अन्नासारखंच रेंगाळतं. लपवण्यापेक्षा सांगितलेलं केव्हाही बरं.

संमतीपत्रावर शुद्धीत असलेल्या सज्ञान पेशंटची स्वतःची सही लागते. बायकोच्या जागी नवऱ्याची नाही. वाचून, विचारून सही करा. ससूनमध्ये १२ जानेवारी १९२४च्या रात्री गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते येरवड्याचे कैदी होते. श्रीनिवास शास्त्रींनी मजकूर तयार केला आणि गांधीजींनी त्यावर सही करून ऑपरेशन करणाऱ्या कर्नल मॅडॉक यांच्यावर विश्वास असल्याचं लेखी दिलं. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकलं. आज जनरेटर आहेत. लेखी संमतीचं मोल तेव्हाइतकंच आहे.

रक्त लागणार असेल तर रक्तपेढीचा फॉर्म आणि ट्यूबवरचं लेबल एकाच नावाचं, एकाच क्रमांकाचं आहे का ते डोळ्यांनी बघा. "सुनिता" आणि "सुनीता" एवढ्या फरकावर पेढी नमुना परत करते आणि ते योग्यच आहे, चुकीच्या गटाचं रक्त मारतं. पिशवी हातात मिळाली की थेट वॉर्डात. फ्रिजमधून काढल्यावर अर्ध्या तासात ती चढायला लागली पाहिजे आणि चार तासांत संपली पाहिजे. वाटेत कॅन्टीनला थांबू नका, गरम पाण्यात तर मुळीच बुडवू नका. प्लेटलेटची पिशवी याउलट बर्फात ठेवायची नाही, ती खोलीच्या तापमानालाच टिकते. रक्तदाते आणायला सांगितलं तर १८ वर्षांवरचे, किमान ४५ किलो वजनाचे, पोट भरलेले लोक आणा.

पैसे

खाट, डॉक्टर, बरीचशी औषधं जवळपास फुकट. खर्च होतो तो "बाहेरून आणा" लिहिलेल्या वस्तूंवर: रॉड, स्क्रू, जाळी, स्टेंट, महागडी इंजेक्शनं. ती चिठ्ठी घेऊन धावत मेडिकलमध्ये जाण्याआधी दोन ठिकाणी जा.

पहिलं, आरोग्यमित्र. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा कक्ष आवारातच असतो. रेशनकार्ड आणि आधार लागतं, संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. कळीचा मुद्दा: मंजुरी ऑपरेशनच्या आधी यावी लागते. आधी स्वतःच्या पैशाने सामान आणलं आणि नंतर पावती घेऊन गेलात तर बहुतेक काही होत नाही. म्हणून भरतीच्या पहिल्याच दिवशी कक्षात नाव घाला. इमर्जन्सी असेल तर कागद नंतर, पण कळवणं त्याच दिवशी. हेल्पलाइन १५५३८८.

दुसरं, समाजसेवा विभाग. आजार योजनेच्या यादीत नसेल तर इथले अधिकारी पुअर बॉक्स (गरीब रुग्णांसाठीचा रुग्णालयाचा निधी), धर्मादाय ट्रस्ट, मुख्यमंत्री सहायता निधी यांचे अर्ज करून देतात. त्यांना डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, आणि ते शनिवारी दुपारी मागितलं तर मिळत नाही. नातेवाइकाच्या मुक्कामाची सोयही इथेच विचारा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी रुग्णालयाची चिठ्ठी दाखवावी लागते.

रात्री आलात तर

ओपीडीची वाट बघू नका, कॅज्युअल्टीत जा. नंबर आधी कोण आलं यावर नसतो, कोण जास्त गंभीर यावर असतो. पाय मुरगळलेल्याला दोन तास थांबावं लागेल. अपघात, भाजणं, विष, सर्पदंश, मारहाण यांची एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) अशी नोंद होते आणि आवारातल्या पोलीस चौकीला कळवलं जातं. पोलीस येईपर्यंत उपचार थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९च्या परमानंद कटारा प्रकरणात ते स्पष्ट केलंय. एमएलसी क्रमांक लिहून घ्या, विम्याच्या दाव्यात तोच मागतात. साप चावला असेल तर साप मारून पिशवीतून आणायची गरज नाही, आणि करकचून दोरी तर बांधूच नका. चावल्याची वेळ तेवढी सांगा.

घरी जाताना

डिस्चार्ज कार्ड घाईत लिहिलेलं असतं, कारण बाहेर स्ट्रेचरवर पुढचा पेशंट थांबलेला असतो. खाटेवरून उठण्याआधी वाचा: नाव, निदान, ऑपरेशनची तारीख, आत बसवलेल्या वस्तूचा स्टिकर, टाके काढायचा दिवस, फॉलोअपचा वार. बायोप्सीचा रिपोर्ट यायचा असेल तर त्याचा पॅथॉलॉजी क्रमांक कार्डावर लिहून घ्या. तो नसला तर रिपोर्ट तयार असूनही खिडकीवर नावाने शोधायला लागतो, आणि एका आठवड्यात तीन "संगीता पवार" निघतात. कॅन्सर असल्याचं सांगणारा कागद असा महिनाभर फडताळात पडून राहू शकतो.

"सल्ल्याविरुद्ध घरी नेतो" अशी सही करून गेलात तरी परत यायची बंदी नसते. केसपेपर जपून ठेवा. बाळंतपण झालं असेल तर जन्माची नोंद २१ दिवसांत गेली का, हे वॉर्डात विचारून जा. वॉर्डातले इनडोअर कागद रुग्णालयाकडेच राहतात. त्यांच्या प्रती हव्या असतील तर रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्यायचा. नियमाने ७२ तासांत मिळायला हव्यात. अर्जावर आयपीडी (भरतीचा) क्रमांक घाला. तो डिस्चार्ज कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात असतो, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घामाने पहिल्यांदा पुसला जातो तोही तोच.